पाचकमानीतून दिसणारं घर

१

अनुजा दर रविवारी जयसिंगपूरहून येते, रंकाळ्याजवळच्या फ्लॅटमधून आबांना घेते आणि दोघं पाचकमानीला जातात, हे आता सगळ्यांच्या अंगवळणी पडलं होतं. तिच्या नवऱ्याच्या, कॉलेजातल्या तिच्या मैत्रिणींच्या, आणि टेकडीच्या पायथ्याला भाजक्या शेंगा विकणाऱ्या बयाबाईच्याही.

पाचकमानी म्हणजे शहराच्या दक्षिणेकडच्या टेकडीवरचा दगडी मंडप. कुणाच्या तरी स्मरणार्थ बांधलेला. कुणाच्या, ते सांगणारी शिळा उन्हापावसानं एवढी झिजलीय की तिच्यावर आता कॉलेजची पोरं बदाम कोरतात. पण कमानीत बसलं की अख्खं कोल्हापूर समोर पसरतं. डावीकडं रंकाळ्याचं पाणी, मध्ये महालक्ष्मीची शिखरं, त्यापलीकडं पंचगंगेच्या काठची झाडी, आणि अगदी मागं, हवा स्वच्छ असली तर, जोतिबाचा डोंगर.

अनुजा लहान असताना ती, आई आणि आबा एसटीनं फाट्यापर्यंत यायचे आणि पुढं चालत. आबांच्या फाउंड्रीला सुट्टी सोमवारी, हिच्या शाळेला रविवारी. त्यामुळं वर्षातनं जेमतेम तीन-चार वेळा जमायचं, आणि म्हणूनच त्याला सणाची कळा असायची. आई फडक्यात भाकरी, खर्डा आणि सुकं मटण बांधून घ्यायची. खाऊन झालं की एक खेळ ठरलेला. ‘आपलं घर कुठाय?’ शिखराच्या डावीकडं यायचं, शिवाजी पेठेतल्या तालमीचा झेंडा शोधायचा, झेंड्याच्या अलीकडं हिरवी पाण्याची टाकी, आणि टाकीखाली आपली गच्ची. खरं तर दिसायचं काहीच नाही. एवढ्या लांबून घरं म्हणजे सांडलेले तांदूळ. पण आईनं बोट दाखवलं की ‘दिसलं, दिसलं’ म्हणून ओरडायचं, असा नियम होता.

आई जाऊन पंधराएक वर्षं झाली होती. घर दोन वर्षांपूर्वी विकलं. आबांना जिना झेपेना. तिथं आता सात मजली अपार्टमेंट उभी होती आणि तिच्या काचा मावळतीला अशा चमकायच्या की पाचकमानीवरून शिवाजी पेठेत सगळ्यात आधी तीच दिसायची. त्यामुळं तो खेळ बंद झाला होता. आबा नुसते बसायचे. कधी जुन्या फुटबॉलच्या गोष्टी निघायच्या, कुणी कुणाच्या पायात पाय घातला आणि मग दोन तालमींच्या संघांत कशी जुंपली, त्या.

त्या रविवारी अनुजानं बयाबाईकडं शेंगा मागितल्या. बयाबाईनं तीन पुड्या पुढं केल्या.

“दोनच द्या,” अनुजा म्हणाली.

बयाबाईनं तिच्याकडं बघितलं, मग आबांकडं, आबांच्या पलीकडं. “दोनच? बरं,” म्हणाली आणि एक पुडी परत पाटीत ठेवली.

धंद्याची रीत, असं अनुजाला वाटलं. वर आल्यावर आबा नेहमीसारखे शेवटच्या कमानीत बसले. काठी गुडघ्यांमध्ये धरली. शेंग सोलता सोलता सहज बोलावं तसं म्हणाले,

“बना आज उशिरा कपडं वाळत घालतीया.”

बना म्हणजे बनाबाई. अनुजाची आई.

२

अनुजा शाळा-कॉलेजात विज्ञान शिकवत आयुष्य घालवलेली बाई होती. त्या आठवड्यात तिनं एक दिवस रजा काढून आबांना डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टरांनी आज वार कोणता, महिना कोणता, असले प्रश्न विचारले. आबांनी सगळी उत्तरं बरोबर दिली, वर डॉक्टरांनाच विचारलं, “औंदा लीग कोण मारणार सांगा बघू?” डॉक्टर हसले. वयाच्या मानानं डोकं ठणठणीत आहे म्हणाले.

परत येताना गाडीत अनुजानं विषय काढला. “आबा, आपलं घर पाडलंय. ठाऊक आहे ना तुम्हाला?”

“म्हणजे काय? माझ्या डोळ्यादेखत पाडलं की.”

“मग आई कुठं दिसली?”

“गच्चीवर.” आबा खिडकीतून बाहेर बघत होते. “मला काय खुळं समजतीस व्हय? घर न्हाय हे मला ठाऊक हाय. पण दिसतंय ते बी दिसतंय. हितनं न्हाय दिसत. तितं बसलं की दिसतंय.”

पुढच्या रविवारी ती मुद्दाम त्यांच्या कमानीत उभी राहिली. अपार्टमेंट होती. काचा होत्या. तिला हायसं वाटलं.

“उभं ऱ्हाऊन न्हाय,” आबा म्हणाले. “बस हितं. तिकडं नगं, तिकडं नगं. ह्या बाजूला बस.”

ती त्यांच्या डाव्या अंगाला टेकणार होती, ती वळून उजवीकडं आली. आबांचा डावा कान भट्टीच्या खडखडाटानं कधीचाच गेला होता. माणसानं उजवीकडं बसावं हा त्यांचा आग्रह जुना होता. ती बसली. दगड उन्हानं तापला होता. कमानीचा खांब आणि बाहेरचं चाफ्याचं झाड यांच्या मधल्या फटीतून शहराचा एक तुकडा दिसत होता. तिनं शिखर शोधलं, डावीकडं आली, झेंडा शोधला.

हिरवी टाकी होती.

टाकीखाली गच्ची होती, गच्चीवर दोरी होती आणि दोरीवर कपडे होते.

तिनं पहिल्यांदा मनाशी म्हटलं, दुसरं कुणाचं तरी घर. हिरव्या टाक्या काय कमी आहेत? मग म्हटलं, खांबाच्या आड अपार्टमेंट झाकली जात असणार आणि मागचं काहीतरी दिसत असणार. दोन्ही पटण्यासारखं होतं. पटत नव्हतं ते एकच. एवढ्या लांबून कपड्यांचा रंग माणसाला दिसत नाही. आणि तिला दोरीवरचं वांगी रंगाचं इरकल दिसत होतं. त्याचे काठ दिसत होते. काठाला एका जागी घातलेलं रफू दिसत होतं, कारण ते रफू तिनंच घातलं होतं, शाळेत शिवणाच्या तासाला, आणि आईनं ते वेडंवाकडं रफू आयुष्यभर मिरवलं होतं.

तेवढ्यात आवाज आला. फट्ट! ओलं कापड झटकल्याचा, अगदी कानाजवळ. वाऱ्यावर आला असेल म्हणावं तर वारा पडलेला होता.

“आयकलंस?” आबा हसत होते. त्यांचे डोळे भरले होते. “तशीच झटकती अजून. शेजारच्या पापडावर पाणी उडायचं बघ. भांडणं!”

आणि मग दोरीमागून ती पुढं आली. तोंड दिसत नव्हतं, पण कमरेला खोचलेला पदर, डावा खांदा किंचित खाली, सगळं आईचं. तिनं कठड्यावर एक हात टेकला, मान वर केली आणि दुसरा हात हलवला.

“बोलवतीया,” आबा म्हणाले.

फोटो काढावा असं अनुजाला वाटलं. मोबाईल हातातच होता. तिनं काढला नाही. काढला असता तर काय ते एकदा ठरून गेलं असतं, आणि ते ठरायला तिला नको होतं. ती बसून राहिली. पंधरा वर्षांनी तिला आई दिसत होती. सूर्य बुडेपर्यंत दोघांपैकी कुणीच उठलं नाही.

३

त्यानंतर ती रविवारची वाट बघू लागली. बुधवारपासूनच. वर्गात शिकवताना मध्येच थांबायची, आणि तिच्या कानात ओलं कापड झटकलं जायचं. आपण काहीतरी चुकीचं करतोय असं तिला वाटत नव्हतं. फक्त आबा झपाट्यानं वाळत चालले होते, आणि प्रत्येक रविवारी त्यांना दगडावरून उठवायला आदल्या रविवारपेक्षा जास्त वेळ लागत होता. चढताना म्हातारं माणूस थकतं. उतरायला का जड व्हावं?

एका शनिवारी ती कुणाला न सांगता दुपारीच कोल्हापूरला आली आणि सरळ शिवाजी पेठेत गेली. अपार्टमेंटच्या गच्चीवर जाऊन बघितलं. सोलरच्या पाट्या होत्या, डिश अँटेना होत्या, कपड्यांची दोरी कुठं नव्हती. खाली उतरली तर शेजारच्या घरातून हाक आली.

“अनू, व्हय गं? ये की वर. दारावरनं जातीस व्हय तशीच?”

आक्काताई. आईची जुनी मैत्रीण. पापडावरचं पाणी, भांडणं आणि दुसऱ्या दिवशी वाटीभर आमटी देऊन मिटवामिटवी, हे सगळं त्यांच्याशीच व्हायचं. त्यांचं घर अजून होतं तसंच होतं. आक्काताईंनी तिला गच्चीवर नेलं, चहा दिला, तिखट-मीठ लावलेले चुरमुरे पुढं ठेवले. गच्चीवरून दक्षिणेकडची टेकडी दिसत होती. तिच्यावर पाचकमानी म्हणजे नखाएवढा करडा ठिपका.

“आबा कसं हाईत?” आक्काताईंनी विचारलं.

“बरे आहेत. दर रविवारी पाचकमानीला जातो आम्ही.”

आक्काताईंचा कप वाटेतच थांबला.

“तू आणि भावजी? दोघं?”

“हो. का?”

“काय न्हाय,” त्या म्हणाल्या. कप खाली ठेवला. “तवा सांगितलं असतं तर बनाला येडी म्हटली असती लोकं. म्हणून बोलली न्हाय कुणाजवळ. तुझी आई शेवटच्या वर्षात रोज सांजच्याला तिच्या गच्चीवर उभी ऱ्हायची आणि त्या टेकडीकडं बघायची. म्हणायची, आक्का, बघ, आमची दोघं वर बसल्यात. मी म्हणायची, अगं, भावजी सेकंड शिफ्टला, अनू तिकडं जयसिंगपूरला सासरी. कोण बसतंय? ती म्हणायची, न्हाय, मला दिसत्यात की. ह्यांचं क्यास पांढरं झाल्यात. अनूला चष्मा लागलाय.”

अनुजाचा हात नकळत चष्म्याकडं गेला. तो तिला चाळिशीनंतर लागला होता.

“हात करायची तुमाला,” आक्काताई म्हणाल्या.

“बोलवायची,” अनुजा म्हणाली.

“बोलवायची?” आक्काताईंनी तिच्याकडं बघितलं. मग स्वतःचा हात वर केला आणि करून दाखवला. तळवा पुढं, बोटं वर, हात शेतातली पाखरं हाकलावीत तसा जोरजोरात. “असा करायची बघ. जावा म्हणायची. उठा म्हणायची तितनं. घसा फोडून ओरडायची, एवढ्या लांब कुठं ऐकू जातंय? मी एकदा विचारलं, अगं, बसू दे की, तुझीच मानसं हाईत न्हवं? तर म्हणाली…”

आक्काताईंनी कठड्यापलीकडं टेकडीकडं बघितलं.

“काय म्हणाली?”

“म्हणाली, दोघंच असती तर बसू दिली असती. पर तिघं हाईत. तिसरं ह्यांच्या डाव्या अंगाला बसतंय, आणि रोज थोडं जवळ सरकतंय.”

खाली रस्त्यावरून रिक्षा गेली. कुणीतरी कुणालातरी मोठ्यानं शिवी देऊन हसलं. अनुजानं मोबाईल काढला आणि आबांना फोन लावला. बराच वेळ रिंग वाजली. मग आबांचा आवाज आला, आनंदी, लांबचा.

“मी वर आलोय गं. आज शनवार हाय ठाऊक हाय मला. रिक्षानं आलो. उद्यापत्तर दम निघंना.”

“आबा, तिथून उठा. आत्ता. मी येतोय, ऐकलं का? उठा आधी!”

घाबरल्यावर तिच्या तोंडात पेठेतल्या बायकांची ‘मी येतोय’वाली भाषा आली होती. फोनमध्ये आता एक घरघरता श्वास तेवढा ऐकू येत होता. आबांना दमा नव्हता.

४

ती पोचली तेव्हा ऊन उतरलं होतं, पण उजेड होता. पायथ्याला बयाबाई पाटी आवरत होती. तिनं मान वर केली नाही.

मंडपात शनिवारची तुरळक माणसं होती. एक जोडपं सेल्फी काढत होतं. एक कुटुंब पहिल्या कमानीत भेळ खात होतं. अनुजाला वाटलं, एवढ्या माणसांत काय होणार आहे? शेवटच्या कमानीकडं मात्र कुणी नव्हतं, आणि तिकडं जावंसं कुणाला वाटतही नव्हतं, जसं बसमध्ये एखादी सीट रिकामी असून कुणी बसत नाही, तसं.

आबा बसले होते. चेहऱ्यावर हसू होतं. काठी खाली पडलेली होती.

“आबा, चला.”

“आलीस? बस. बघ, आज केस धुतल्यात तिनं.”

तिनं त्यांचा उजवा दंड धरला आणि ओढला. आबा हलले नाहीत. त्या देहात आता पन्नास किलोही वजन उरलं नव्हतं, आणि ते हलत नव्हते. तिनं दोन्ही हात लावले. आणि तेव्हा तिचं लक्ष गेलं.

आबांचा डावा हात मांडीवर नव्हता. तो बाजूला लांब पसरलेला होता, खांद्याच्या रेषेत ताणलेला, असा की कुठलाही म्हातारा आपला हात तसा क्षणभरही धरू शकणार नाही. सदऱ्याची बाही मनगटापाशी चुरगळली होती. चार-पाच घड्या घट्ट आवळलेल्या, आणि अनुजा बघत होती तोवर त्यातली एक घडी सैल पडली आणि वर, कोपराच्या बाजूला, परत आवळली गेली.

तिनं त्या बाहीच्या पलीकडं बघायचं नाही असं ठरवलं, आणि डोळे फटीतून समोर रोखले. गच्ची होती. कठड्याशी आई होती. केस मोकळे होते, आणि हात वर होता.

“आबा, आई बोलवत न्हाय,” ती म्हणाली. “आबा, तिच्या हाताकडं बघा. नीट बघा.”

“बघतोय की. ये म्हणतीया.”

“तळवा कुठं आहे तिचा? आबा, ये म्हणताना तळवा खाली असतो. तिचा तळवा आपल्याकडं आहे. ती हाकलतीया आपल्याला.”

आबांचं हसू तसंच होतं. पण कपाळावर एक आठी आली. ते पुढं झुकले, आणि बराच वेळ बघत राहिले. फटीतून परत तो आवाज आला, फट्ट, आणि त्यामागून, तुटक, वाऱ्यानं फाटलेलं, बाईमाणसाचं ओरडणं. शब्द कळत नव्हते. सूर कळत होता.

“ही तर…” आबा म्हणाले. “अगं, ही तर भट्टीवरनं आलो की करायची तसं करतीया. काळा कुळकुळीत होऊन यायचो मी. मुद्दाम तिला धरायला जायचो. मग असं हात करायची. सरा मागं, म्हणायची. आधी मोरीत जावा, मग या जवळ.” आबा अजून तिकडंच बघत होते. “हाकलायचीच की गं ती.”

“मग उठा.”

“परत दिसायची न्हाय.”

“न्हाय दिसणार, आबा.”

आबांनी समोर एकदा बघितलं, पोटभर. मग त्यांनी मान डावीकडं वळवली. त्यांना तिथं काय दिसलं ते अनुजाला कधीच कळलं नाही. त्यांनी नंतर सांगितलं नाही आणि तिनं विचारलं नाही. त्यांच्या तोंडावरचं हसू मात्र दिवा विझावा तसं गेलं, आणि ते कुठल्याशा दारुड्याला सुनवावं तशा जुन्या, पेठेतल्या, खणखणीत आवाजात म्हणाले,

“सोड. माझी बायको जा म्हणतीया.”

हात धपकन मांडीवर पडला. आबा उठले, एवढे हलके की अनुजा मागं धडपडली. काठी तिथंच राहिली. दोघं सेल्फीवाल्यांच्या, भेळवाल्यांच्या मधून चालत बाहेर पडले, मागं न बघता. पायऱ्या उतरताना तिनं आबांना आपल्या डाव्या बाजूला घेतलं होतं, कठड्याच्या आणि आपल्यामध्ये, म्हणजे त्यांच्या डाव्या अंगाला जागाच उरू नये.

५

त्यानंतर पाचकमानी बंद झाली. रविवारी ती येते, दोघं रंकाळ्यावर बसतात, आबा मक्याचं कणीस दाण्या-दाण्यानं खातात. अंगानं थोडे भरलेत. डावा हात कोपरापर्यंत गार असतो, उन्हाळ्यातसुद्धा. डॉक्टर म्हणाले, वयात रक्ताभिसरण कमी होतं.

एकदा आबांनी पाण्याकडं बघत विचारलं, “अनू, आपण उतरलो ते बनाला दिसलं असंल न्हवं? न्हाईतर तितं उभी ऱ्हाऊन वरडत बसली असंल.”

त्या विचारानं त्यांना झोप लागत नव्हती. म्हणून अनुजा परत आक्काताईंकडं गेली.

“त्या दिवशी अर्ध्यातनंच पळालीस की तू,” आक्काताई म्हणाल्या. “व्हय, दिसलं की तिला. एक दिवस सांजच्याला पळतच आली माझ्याकडं. क्यास धुतलेलं, मोकळंच. म्हणाली, आक्का, गेली गं बाई दोघं, उतरली. हसत होती, रडत होती. माझ्याकडंच बसून जेवली, लई दिसांनी पोटभर. मला म्हटली, आता उद्यापास्नं गच्चीवर जायला नगं.”

अनुजानं डोळे पुसले. आबांना सांगायला हे पुरेसं होतं. ती उठली, चप्पल घालू लागली, आणि मग, न विचारता राहवेना म्हणून, विचारलं.

“आणि तिसरं?”

आक्काताईंनी ताटलीतले चुरमुरे गोळा केले, परत पसरले.

“मी बी तेच विचारलं गं. तर म्हणाली, ते बसलंय की तितंच. पर आता तोंड हिकडं केलंय. माझ्याकडं बघतंय.”

“आणि?”

“आणि काय? त्याच आठवड्यात गेली न्हवं का बना. झोपेतच.”

अनुजा त्या संध्याकाळी रंकाळ्यावर आली तेव्हा आबा नेहमीच्या बाकावर वाट बघत बसले होते. ती त्यांच्या शेजारी टेकली. त्यांचा गार हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन चोळू लागली.

“दिसलं आबा आईला,” ती म्हणाली. “आपण उतरलेलं दिसलं. त्या दिवशी पोटभर जेवली म्हणे.”

“जेवली न्हवं?” आबा म्हणाले, आणि कितीतरी दिवसांनी पाठ टेकून नीट बसले. “मग झालं.”